विजेचे सूर आणि त्यांचे प्रकाशक

अँबियंट या नावाने ओळखले जाणारे इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हणजे ठळक चाल किंवा ठेका पुढे न करता दीर्घकाळ टिकणाऱ्या सुरांतून ऐकणाऱ्याभोवती एक वातावरण उभे करणारे संगीत, हे युरोप-अमेरिकेतील शहरांत जन्मले आणि तिथून तयार स्वरूपात भारतात आले, असा समज रूढ आहे. या समजाची एक बाजू निश्चित खरी आहे. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने १९७५ साली ‘डिस्क्रीट म्यूझिक’ ही ध्वनिमुद्रिका स्वतःच सुरू केलेल्या ऑब्स्क्युअर या छोट्या लेबलवर प्रसिद्ध केली आणि १९७८ साली ‘अँबियंट १ : म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेने या प्रकाराला नाव दिले, लक्ष देऊन ऐकले तरी चालेल आणि लक्ष न देता नुसते खोलीत वाजू दिले तरीही चालेल असे संगीत, अशी त्याची भूमिका होती. परंतु ज्या टिकून राहणाऱ्या आधारस्वरावर हे संगीत उभे असते, तो स्वर निर्माण करण्याचे शास्त्र आणि कारागिरी महाराष्ट्रात त्याआधी किमान शतकभर नांदत होती आणि विजेवर चालणारी वाद्ये मुंबईच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकातच पोहोचली होती. उणीव होती ती प्रकाशकाची, म्हणजेच लेबलची. लेबल म्हणजे ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलून त्याच्या प्रती काढणारी, त्या विकणारी आणि त्यावर आपले नाव छापणारी संस्था होय. मोठ्या कंपनीच्या मालकीचे नसलेले असे लेबल स्वतंत्र म्हटले जाते. मुंबई परिसरातील या संगीताचा इतिहास वादकांच्या अंगाने पाहिला तर सलग दिसतो, प्रकाशकांच्या अंगाने पाहिला तर जागोजागी तुटलेला दिसतो, आणि हे तुटलेपणच त्याच्या विस्मृतीचे खरे कारण आहे.

आधारस्वराची ती कारागिरी मिरजेची. तलवारी आणि शस्त्रे घासूनपुसून धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवण्याचा उद्योग येथे हाती घेतला आणि त्यातील फरीदसाहेबांचे नाव या व्यवसायाचे आद्य पुरुष म्हणून घेतले जाते. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे कडू भोपळे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, दांडी आणि तबली यांसाठी तुणाचे लाकूड वापरतात. या वाद्यातील सर्वांत नाजूक काम जवारीचे असते. घोडीचा, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, पृष्ठभाग सपाट न ठेवता किंचित उतरता घासला जातो. तार छेडली की ती कंप पावताना या उतारावर पुन्हापुन्हा हलकेच टेकते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती किंवा रेशमी धागा नेमक्या जागी बसला की मूळ स्वरासोबत त्याचे वरचे अनेक सहस्वर, म्हणजे पटीतल्या कंपनसंख्येचे सूक्ष्म स्वर, एकामागून एक उमलू लागतात. चार तारांपैकी पहिली पंचमात, रागाच्या गरजेनुसार मध्यमात किंवा निषादात, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात आणि शेवटची खर्जात लावली जाते; त्या क्रमाने आणि सावकाश छेडल्या की एका तारेची आस विरण्यापूर्वी दुसरीची सुरू होते, आणि तिथे ताल नसतो, आरंभ-शेवट नसतो, असतो तो केवळ हळूहळू रंग बदलणारा एक स्वरपट. ईनोने फितीच्या वेटोळ्यांचा, म्हणजे दोन टोके जोडून पुन्हापुन्हा फिरणाऱ्या टेपच्या तुकड्यांचा, उपयोग करून जे साधले, त्याच्याशी या परिणामाचे नाते वरवरचे नाही.

हे नाते केवळ साम्याचे नसून त्यात प्रत्यक्ष देवघेवही झाली आहे. मिरजेत स्थायिक झालेले आणि १९३७ साली निधन पावलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे तंबोरा अत्यंत काटेकोरपणे जुळवण्यासाठी आणि त्यात गळा विरघळवून टाकण्यासाठी ख्यातनाम होते. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग व टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. दीर्घ स्वर हाच रचनेचा विषय मानणाऱ्या या मंडळींच्या कामातून पुढे अँबियंटची एक शाखा फुटली. अर्थात मिरजेच्या कारागिराला आपण घासत असलेल्या घोडीचा आवाज न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यांवर कोणत्या रूपात उतरतो आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते थेट २०२४ साली. मधल्या काळात, १९७९ साली, बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि रॅडेल या नावाने तो विकला; रियाझाच्या खोलीत आज बहुधा हाच, किंवा त्याची मोबाईलमधली आवृत्ती, सूर धरून असते.

मुंबईत विजेच्या वाद्याची पहिली सार्वत्रिक ओळख झाली ती मात्र वाद्य म्हणून नव्हे, तर साप म्हणून. १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातील पुंगीची धून हजारो लोकांनी खऱ्या पुंगीची समजून ऐकली; ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलिन या वाद्यावर. फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तां याने १९४७ च्या सुमारास बनवलेले हे वाद्य म्हणजे एका वेळी एकच स्वर काढणारी छोटी स्वरपट्टी, तिच्यातील निर्वात नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, मंडलातून निघणारा स्वर खटके दाबून सनईसारखा, व्हायोलिनसारखा किंवा पुंगीसारखा करता येत असे. पुढे १९६४ साली रॉबर्ट मूग याने अमेरिकेत सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या लहरींना आकार देऊन हवा तो ध्वनी घडवणारे यंत्र, बाजारात आणले आणि त्याची सुटसुटीत आवृत्ती मिनीमूग १९७० च्या दशकात मुंबईला पोहोचली ती प्रामुख्याने केर्सी लॉर्ड यांच्यामुळे. ‘आराधना’तील ‘रूप तेरा मस्ताना’ या गाण्यात ॲकॉर्डियन वाजवणारे हेच लॉर्ड. तालवाद्ये, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये या सर्वांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. परंतु चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात, वादकांची नसत. त्यामुळे विजेच्या स्वरांत विचार करणारी एक संपूर्ण पिढी मुंबईत काम करत होती, रोज नवे ध्वनी शोधत होती, आणि तिच्या शोधांवर तिचे नाव कुठेही लागत नव्हते. या अनामिकतेचे दुःख त्या पिढीच्या वाट्याला आलेल्या कोणत्याही आर्थिक हलाखीपेक्षा अधिक खोल मानले पाहिजे, कारण नाव नसले की परंपरा तयार होत नाही.

याच सुमारास शेजारच्या अहमदाबादेत एक वेगळा प्रयोग घडला. १९६९ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या मदतीने मूग सिंथेसायझर आणि टेपयंत्रे असलेला स्टुडिओ उभारला गेला. या घटनेमागे गीता साराभाई यांची दूरदृष्टी होती, ज्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे केलेल्या रचनांपैकी काहींना आज निःसंकोच अँबियंट म्हणता येईल. स्टुडिओ १९७२ पर्यंत चालला. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, कारण त्या प्रसिद्ध करील असे लेबलच देशात नव्हते.

लेबल नव्हते, ते का, याचे उत्तर ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या रचनेत आहे. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गैसबर्गने पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केल्यापासून ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एचएमव्हीने, भारतीय बाजारावर जवळपास एकछत्री सत्ता ठेवली. तबकडी काढायची तर दाबयंत्रांचा कारखाना हवा, आणि असा कारखाना उभारण्याइतके भांडवल फार थोड्यांकडे होते. मुंबईत या सत्तेला आव्हान देणारे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे ‘यंग इंडिया’ हे लेबल. १९३५ ते १९५५ या दोन दशकांत या स्वदेशी कंपनीने नवख्या गायक-वादकांच्या, नाटकमंडळींच्या, शाळकरी मुलांच्यासुद्धा तबकड्या काढल्या. एचएमव्हीच्या दारात उभे राहण्याची ज्यांना संधी मिळाली नसती, त्यांचा आवाज या लेबलमुळे उरला. १९६९ साली पॉलिडॉर मुंबईत आली, पण ती स्वतःच एका परदेशी कंपनीची शाखा होती.

मोठ्या कंपनीच्या आतही एखाद्या जाणत्या माणसामुळे वाट निघू शके, हे जी. एन. जोशी यांनी दाखवले. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतील हे गायक पुढे एचएमव्हीच्या मुंबई कार्यालयात ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेची कल्पना त्यांनी तडीस नेली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तेव्हा तरुण असलेल्या तिघा वादकांनी संतूर, बासरी आणि गिटार यांच्यावर, माणिकराव पोपटकर यांच्या तबल्याच्या साथीने, काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रंगवला. येथे रागाचे सांगोपांग सादरीकरण हा हेतू नव्हता, प्रहराचे वातावरण हा हेतू होता; वाद्ये लाकडाची आणि तारांची असली तरी ऐकण्याची जी रीत ही ध्वनिमुद्रिका सुचवते ती अँबियंटच्या अगदी जवळची आहे, आणि ती ईनोने या प्रकाराला नाव देण्याच्या अकरा वर्षे आधीची आहे. जगभर तिचा खप झाला. तरीही कंपनीने या दिशेला स्वतंत्र शाखा काढली नाही, आणि ही संधी हुकली असे म्हणणे भाग आहे.

पंधरा वर्षांनंतर याच कंपनीने, बहुधा आपण काय प्रसिद्ध करत आहोत याची फारशी कल्पना नसताना, भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीतातील सर्वांत विलक्षण तबकडी काढली. चरणजित सिंग हे मुंबईच्या स्टुडिओंत गिटार, बेस गिटार आणि ट्रान्सिकॉर्ड, म्हणजे विजेवर चालणारे ॲकॉर्डियन, वाजवणारे वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी काम केले आणि चित्रपटगीतांच्या केवळ वाद्यांवर वाजवलेल्या आवृत्त्याही काढल्या. सिंगापूरहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आणली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. १९८२ साली या तिन्हींच्या आधारे त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली, ज्यात ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस यांच्यासह दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे, आहेत.

या यंत्रांपैकी टीबी-३०३ जवळून पाहण्यासारखे आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेल्या या चंदेरी पेटीत सोळा मात्रांचा एक साचा भरता येतो. आधी स्वर एकेक करून भरायचे, मग स्वतंत्रपणे त्यांची कालमर्यादा भरायची, असा तिचा किचकट क्रम आहे. प्रत्येक स्वराला दोन विशेष देता येतात, एक आघात आणि दुसरा स्लाइड, म्हणजे एका स्वरावरून पुढच्या स्वरावर न तुटता घसरत जाणे. ज्या बेस गिटारचे अनुकरण करण्यासाठी पेटी बनवली त्याच्यासारखा आवाज तिच्यातून निघत नसे आणि १९८४ साली रोलँडने तिचे उत्पादन थांबवले. परंतु रागसंगीत जाणणाऱ्या वादकाच्या दृष्टीने हा घसरता स्वर म्हणजे एका मर्यादेतली मींड होती, आणि सोळा मात्रांचा साचा तर तीनतालाच्या आवर्तनाशी आपसूक जुळणारा होता. रागाचे आरोह-अवरोह नेमून दिलेले असतात, कोणता स्वर घ्यायचा आणि कोणता टाळायचा हे ठरलेले असते, सुरावटी लहान-लहान तुकड्यांनी वाढत जातात. असा नियमबद्ध मजकूर यंत्रात भरण्यास सोयीचा असतो. सिंग यांनी यंत्राची ही मर्यादाच रागाच्या बाजूने वळवून घेतली आणि तालयंत्राच्या अखंड ठोक्यावर त्या सुरावटी खेळवल्या. ठोका इतका ठाम आहे की ही तबकडी अँबियंट ठरत नाही. पण गायक नाही, शब्द नाहीत, चित्रपट नाही, आणि एकाच षड्जाभोवती सर्व काही फिरत राहते, या गुणांमुळे ती त्या कुळाच्या शेजारी बसते.

तबकडी विकली गेली नाही. ‘कुर्बानी’ने १९८० साली आणि ‘डिस्को डान्सर’ने १९८२ साली डिस्कोची जी लाट आणली होती ती गाण्यांची लाट होती, आणि शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तालयंत्रावरचा मालकंस हा खेळ वाटला असल्यास त्यात नवल नाही. विक्रेत्याने ती कोणत्या कप्प्यात ठेवावी, हेच ठरण्यासारखे नव्हते. नंतरच्या काळात, शिकागोच्या फ्यूचर या गटाने ट्रॅक्स या स्वतंत्र लेबलवर १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध करून टीबी-३०३ च्या आवाजावर एक नवा नृत्यसंगीतप्रकार उभा केला, तेव्हा मुंबईची तबकडी पाच वर्षे आधीची असल्याचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. सिंग यांना या प्रकाराचे जनक ठरवण्याचा उत्साह पुढे बऱ्याच जणांनी दाखवला. तो स्वीकारण्यासारखा नाही. शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. दोन ठिकाणच्या वादकांना एकच यंत्र मिळाले आणि दोघांनी त्यातून स्वतःच्या परंपरेला उपयोगी ते काढले, एवढेच म्हणणे योग्य, आणि सिंग यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.

तबकडीचे युग तेव्हा संपतच आले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांच्या सामानातून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र वाजवणारे यंत्र, घरोघर आले आणि कॅसेटच्या प्रती काढण्यास दाबयंत्रांचा कारखाना लागत नसल्याने थोड्या भांडवलावर, एखाद्या गाळ्यात, कंपनी सुरू करणे शक्य झाले. टी-सिरीज, व्हीनस, टिप्स या मोठ्या झालेल्या नावांबरोबर पुण्याच्या अलूरकर म्यूझिक हाऊससारख्या संस्थांनी शास्त्रीय संगीत आणि मराठी साहित्यिकांची कथने कॅसेटवर आणली. मुंबईच्या मध्य रेल्वेवरील कल्याणपलीकडच्या पट्ट्यात या बदलाचा सामाजिक अर्थ अधिक स्पष्ट दिसतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवून १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेले गाव, आगपेट्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांभोवती वाढलेले अंबरनाथ आणि पुढे मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांनी भरलेले बदलापूर, ही कामगारांची, कारागिरांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची वस्ती होती. कल्याणला राहिलेल्या प्रल्हाद शिंदे यांचा आणि त्यांच्या मुलांचा आवाज, भक्तिगीते असोत, भीमगीते असोत वा लोकगीते, कॅसेटने अशाच वस्त्यांमधील जयंतीच्या मांडवापर्यंत आणि लग्नाच्या दारापर्यंत पोहोचवला. त्यासाठी आकाशवाणीच्या किंवा मोठ्या कंपनीच्या पसंतीची वाट पाहावी लागली नाही. लहान प्रकाशक असला की कोणाला आवाज मिळतो, याचे याहून सबळ उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

विजेच्या वाद्यसंगीताला मात्र कॅसेटच्या या लाटेचा लाभ झाला नाही. लहान कंपन्याही अखेर विक्रीवर जगत, आणि त्यांच्या श्रोत्यांना गाणे हवे होते. या प्रकाराकडे पुन्हा पाहिले गेले ते १९९० च्या दशकात, म्यूझिक टुडे या कंपनीने ‘द एलिमेंट्स’ ही पंचमहाभूतांवरील मालिका काढली तेव्हा. त्यात जल शिवकुमार शर्मा यांचे, वायू हरिप्रसाद चौरसिया यांचा, पृथ्वी वनराज भाटिया यांची आणि आकाश झाकिर हुसेन यांचे, असे मुंबईतले चार श्रेष्ठ कलावंत एकत्र आले. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकून आलेल्या भाटियांसारख्या संगीतकाराला चित्रपट आणि जाहिरात यांच्या बाहेर असे काम क्वचित मिळाले.

चरणजित सिंग यांच्या तबकडीचे पुनरुज्जीवन स्वतंत्र लेबलनेच केले, पण ते नेदरलँड्सचे. एडो बाउमन या संग्राहकाला २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात तिची प्रत मिळाली, त्याने मुंबईत सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० साली आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा प्रसिद्ध केली. सुरुवातीला अनेकांना ही कोणा आधुनिक संगीतकाराने रचलेली बनवाबनवी वाटली, इतकी ती काळाच्या पुढची ऐकू येत होती. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी त्यानंतर युरोपात तीच यंत्रे घेऊन जाहीर कार्यक्रम केले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. अहमदाबादच्या फितीही संशोधक पॉल परगास याच्या प्रयत्नाने २०२३ साली लंडनच्या स्टेट ५१ कॉन्स्पिरसी या लेबलने प्रसिद्ध केल्या, म्हणजे मुद्रणानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

दोन्ही वेळा वारसा इथला आणि प्रकाशक तिथला, ही गोष्ट खटकणारी आहे आणि ती केवळ उदासीनतेने घडलेली नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. रचनेवरचा हक्क त्याहून वेगळा. एचएमव्हीचा सर्व साठा आज सारेगामा या कंपनीकडे आहे, त्यामुळे १९६७ सालचे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ २०२७ च्या अखेरीपर्यंत आणि १९८२ सालचे ध्वनिमुद्रण २०४२ च्या अखेरीपर्यंत मालकाच्या परवानगीशिवाय कोणालाही छापता येत नाही. ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांची मुदत मात्र केव्हाच संपली आहे. रचनेवरचा हक्क आड येत नसेल तर त्यावरील कोणतेही ध्वनिमुद्रण आज मुंबईतील, कल्याणमधील वा बदलापुरातील एखाद्या छोट्या लेबलला स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणता येईल. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्यातील सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’चा इतिहास परिश्रमपूर्वक लिहून ठेवला आहे, आणि तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत अजून वाजण्याच्या अवस्थेत आहेत.